यंत्रापाशी उभा असलेला माणूस
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या समाजातील अनेक तरुण आज कारखान्यांत यंत्रांवर काम करीत आहेत. अपघात घडला की ‘निष्काळजीपणा’ म्हणून आपण मोकळे होतो. परंतु एवढ्याने विचार पुरा होत नाही, असे आम्हांस वाटते.

२७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरीफ बेटावर दोन बोइंग ७४७ विमानांची धावपट्टीवर टक्कर होऊन ५८३ माणसे प्राणास मुकली. यंत्रे निर्दोष होती. दाट धुके होते, बिनतारी संदेश एकमेकांत मिसळले होते. एका विमानाच्या अनुभवी कप्तानाने परवानगीवाचूनच उड्डाणास आरंभ केला. दुसरे विमान अजून धावपट्टीवरच नसेल ना, अशी शंका त्याच्या उड्डाण-अभियंत्याने काढली. कप्तानाने ती ठामपणे फेटाळली. कनिष्ठ गप्प राहिला.

अशा अपघातांपासून धडा घेऊन पुढे वैमानिकांच्या शिक्षणक्रमात पालट झाला. कनिष्ठाने निःसंकोच बोलावे व वरिष्ठाने ऐकावे, हेही शिकविले जाऊ लागले.

वडीलधाऱ्यांपुढे न बोलणे ही आपली रीत. घरात ती शोभते. फिरत्या पट्ट्यापाशी वा भट्टीपाशी तीच जिवावर बेतते. म्हणून मुकादम, फोरमन वा मालक असलेल्या बंधूंस आमची विनंती की, शंका काढणाऱ्या मुलास उद्धट म्हणू नका. आणि तरुणांनो, धोका दिसताच स्पष्ट बोला. तो वडिलांचा अनादर नव्हे. ती त्यांची सेवाच होय.