वीज गेली तरी आठवण राहते

पाण्याच्या डिजिटल मीटरमध्ये एक लहानशी बॅटरी आणि मायक्रोकंट्रोलर नावाची चिप असते. ही चिप बहुतेक वेळ झोपलेली असते. क्षणभर जागी होते, आकडा नोंदवते, पुन्हा झोपते. बॅटरी संपली तरी तो आकडा टिकायलाच हवा. असा आकडा वीज नसतानाही जपणाऱ्या फ्लॅश मेमरीत नवं लिहिण्याआधी जुना भाग पुसावा लागतो. त्यात वीज खर्च होते आणि मेमरी हळूहळू झिजते. २०११ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने एमएसपी४३० या मायक्रोकंट्रोलर मालिकेत एफरॅम मेमरी आणली. तिच्या स्फटिकातला अणू विद्युत क्षेत्राने वर किंवा खाली सरकतो आणि वीज गेल्यावरही तिथेच राहतो. म्हणून तिच्यात कमी विजेवर, झटपट आणि अब्जावधी वेळा लिहिता येतं. इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मित्रांनो, बॅटरीवरचं उपकरण बनवताना मेमरी विचारपूर्वक निवडा.