रोप लावणं सोपं, पहिला उन्हाळा अवघड

आज येरळेबद्दल बोलू. ही कृष्णेची उपनदी. साताऱ्याच्या खटाव तालुक्यात उगम, वडूजवरून पुढं सांगली जिल्ह्यात शिरते आणि ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. नकाशावर निळी रेघ, पण उन्हाळ्यात बघाल तर बऱ्याच ठिकाणी नुसते दगड.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. तीन वर्षांपूर्वी आमच्या ग्रुपनं गावाकडं नदीकाठी झाडं लावायची ठरवली. जूनचा रविवार, ६० रोपं, फोटो, स्टेटस, वर वडापाव. पुढच्या एप्रिलमध्ये गेलो तर ९ जिवंत! पात्रालगतचे गुलमोहर पुरात गेले, काही शेळ्यांनी खाल्ले, बाकीची पाण्यावाचून वाळली.

तिथं एक आजोबा भेटले. म्हणाले, "आरं, आमी पोरं असताना वाळूत हातानं झरा उकरून पाणी प्यायचो. वाळूच गेली, आता झाड मुळी कुठं घालणार?"

मला तेव्हा कळलं. वाळूच्या कणांमधल्या फटींत पावसाचं पाणी साठतं आणि सावकाश काठच्या विहिरींना मिळतं. वाळू उपसली की पाणी खडकावरून पळून जातं, काठही ढासळतो.

याच येरळेवर ही गोष्ट लोकांनी ४० वर्षांपूर्वी ओळखली होती. खानापूर तालुक्यातली बलवडी आणि तांदुळवाडी ही गावं. १९८२ च्या गिरणी संपामुळं मुंबईचे कामगार गावी परतलेले, त्यात दुष्काळ. मुक्ती संघर्ष चळवळीत लोक म्हणाले, नदीतली वाळू ठेकेदार नेतो, मग आमच्या पाण्याचं काय? झगडून त्यांनी मर्यादित वाळू स्वतः विकायचा हक्क मिळवला आणि त्या पैशातून, श्रमदानातून बळीराजा धरण बांधलं. भूमिहीन कुटुंबालाही पाण्यात वाटा, हे त्यांचं तत्त्व. बलवडीतच भाई संपतराव पवारांनी क्रांती स्मृतिवन उभं केलं. स्वातंत्र्यसैनिकांच्या आठवणीसाठी झाडं!

मी त्यातून एवढंच घेतलं, की ज्याचा वाटा आहे, तोच राखण करतो.

म्हणून दुसऱ्या वर्षी आम्ही फक्त २४ रोपं लावली. प्रत्येक रोप एका घराच्या नावावर. पाण्याजवळ करंज, अर्जुन, जांभूळ, उंबर. वरच्या अंगाला कडुलिंब आणि चिंच. भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण. फेब्रुवारी ते मे दर आठवड्याला पाणी, आणि महिन्याच्या १ तारखेला ग्रुपवर रोपाचा फोटो. फोटो आला नाही की फोन जाणार! आज १७ उभी आहेत.

१७ झाडांनी नदी वाहती होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण आता काठावर रोज कुणीतरी असतं. रात्री वाळूचा ट्रॅक्टर आला तर ते गप्प बसत नाहीत.

तर दोस्तांनो, जूनमध्ये फोटोला नाही आलात तरी चालेल. मार्चमधला एक रविवार द्या. येताना २० लिटरचा कॅन आणा. भेटू!