मलय बोलींतील ‘लाह’



व्याकरणाच्या पंगतींत अव्ययांना बहुधा शेवटचा पाट मिळतो. आजचें माझें अव्यय तर अगदींच इवलेंसें आहे. परंतु सिंगापुरांत किंवा मलेशियांत बाजारीं घटकाभर उभें राहिलें कीं तें वारंवार कानीं पडतें. तें म्हणजे ‘लाह’.

लेखी मलय भाषेंत हें अव्यय शब्दास जोडून लिहितात. ‘पर्गी’ म्हणजे ‘जा’. ‘पर्गीलाह’ म्हटलें कीं आज्ञेची धार बोथट होते, जशी आपल्या ‘जा ना’नें किंवा ‘जा बरें’नें होते. सर्वनामास लागलें तर उलट जोर येतो: ‘इनी’ म्हणजे ‘हें’, ‘इनीलाह’ म्हणजे ‘हेंच तें’. मौज अशी कीं, ‘इआ’ या सर्वनामास तें इतकें घट्ट चिकटलें कीं ‘इआलाह’ हा ‘म्हणजे’ किंवा ‘होय’ अशा अर्थाचा स्वतंत्र शब्दच होऊन बसला.

याच्या कुळाविषयीं मात्र वाद आहे. होक्कियन व कँटनी या चिनी बोलींतही वाक्याच्या शेवटीं ‘ला’ येतो; म्हणून कित्येक जण यास चिनी ठरवितात. मला तें पटत नाहीं. इंग्रजांनीं सिंगापुरास ठाणें घातलें १८१९ सालीं; ‘सजाराह मलायु’ हा सतराव्या शतकांतील मलय ग्रंथ, आणि त्यांत क्रियापदांमागें ‘लाह’ पावलोपावलीं आहे. शब्द मलयच. पण वाक्याच्या अखेरीस तो सुटा टाकावा, सूर चढवून वा उतरवून त्यांतून आर्जव, कंटाळा किंवा वैताग दाखवावा, या लकबींत चिनी शेजाऱ्यांचा वांटा असावा. बंदरांत दोन ओघ मिसळले, एवढेंच.

तेथील इंग्रजी बोलींतही हें ‘लाह’ शिरलें. सन २००० मध्यें ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशानें त्यास जागा दिली, आणि त्याच वर्षीं सिंगापूर सरकारनें चांगलें इंग्रजी बोलण्याची चळवळ आरंभिली! मीं जन्मभर निबंधांवर लाल शाई ओतली आहे. परीक्षेच्या कागदावर मी हें ‘लाह’ खोडीनच. परंतु दुकानांत मित्रास नुसतें ‘नो’ म्हणणें तेथें तुटक वाटतें. ‘नो लाह’ म्हटलें कीं नकार राहतो आणि स्नेहही राहतो. तें मुलांच्या तोंडून काढून घेणें मला कांहीं रुचत नाहीं.

परका मनुष्य मात्र तेथें चटकन् ओळखूं येतो. तो हौसेनें प्रत्येक वाक्यास ‘लाह’ चिकटवितो, प्रश्नाससुद्धां. मलय माणूस खऱ्या प्रश्नास ‘लाह’ लावीत नाहीं; तेथें तो ‘काह’ जोडतो.