क्लाउडवरच्या फायली जुळेनाशा होतात तेव्हा

(रायपूर येथे रेल्वे व टपाल खात्यातील मराठी भाषिक साथींच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या वर्गाचा विषय वाचून काही जणांनी विचारले, की युनियनच्या अभ्यासवर्गात घरच्या कॉम्प्युटरचे दुखणे कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आमच्याच शाखेत घडलेल्या प्रकाराने देतो.

आमच्या शाखेने सभासदांच्या तक्रारींचे कागद स्कॅन करून क्लाउडवर ठेवले होते. शाखेचे एकच खाते होते आणि तीन पदाधिकाऱ्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर ते जोडलेले होते. एकाने कागद टाकला की तिघांकडे तो आपोआप दिसे. एके दिवशी एका साथीच्या कॉम्प्युटरची डिस्क भरली. त्यांना वाटले, कागद क्लाउडवर आहेतच, आपल्या मशीनवरची प्रत काढली तर काय बिघडले? त्यांनी दोन वर्षांचे फोल्डर पुसले. थोड्याच वेळात ते क्लाउडवरून गेले आणि बाकी दोघांच्या घरूनही गेले. कोणाच्या ध्यानात आले नाही. दीड महिन्याने एका ट्रॅक मेंटेनर साथीच्या वेतननिश्चितीच्या प्रकरणात जुना आदेश लागला, तेव्हा शोधाशोध झाली. तोवर कचरापेटीही आपोआप रिकामी झाली होती. तो एक कागद पुन्हा मिळवण्यासाठी अर्ज, स्मरणपत्रे आणि हेलपाटे यांत सात महिने गेले. तेवढे महिने त्या साथीची थकबाकी अडकून राहिली.

फोल्डर पुसणाऱ्या साथींचा यात दोष नव्हता. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. सांगायचे काम आमचे होते, ते आम्ही केले नाही. आज ते करतो आहोत.

सिंक म्हणजे काय?

सिंक म्हणजे ताळमेळ. कॉम्प्युटरवर बसवलेला एक प्रोग्रॅम ठराविक फोल्डरवर नजर ठेवतो. तिथे जो बदल होईल तो वर क्लाउडवर पाठवतो आणि वर झालेला बदल खाली उतरवतो. बदल चांगला की वाईट, हे त्याला कळत नाही. नवी फाईल ठेवणे हा जसा बदल, तसा फाईल पुसणे हाही बदलच. म्हणून पहिली गोष्ट पक्की करा : सिंक हा आरसा आहे, कपाट नव्हे. आरशासमोरची वस्तू उचलली की आरशातलीही जाते.

आपल्याला या सोयीची गरज आहे, हेही खरे. दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा झोन २००३ साली सुरू झाला. बिलासपूर, रायपूर आणि नागपूर ही त्याची तीन डिव्हिजने. नोकरी रायपूरला, घर गोंदियाला, मुलगी शिकायला नागपूरला, अशी आपल्यातल्या कित्येकांची स्थिती आहे. वडिलांच्या क्वार्टरमधला कागद मुलीच्या कॉम्प्युटरवर लगेच दिसतो, ही सोय लहान नाही. पण ती बिघडते तेव्हा माणूस घाबरतो आणि घाबरून नको ते करतो.

आधी हात आवरा

फाईल दिसत नाही किंवा जुनीच दिसते, अशा वेळी पहिले तीन मोह टाळा. प्रोग्रॅम काढून पुन्हा बसवू नका. त्यातून आपले खाते तोडू नका. फोल्डर पुसून 'नव्याने सगळे उतरवून घेऊ' असे म्हणू नका. वर न गेलेल्या फायली प्रोग्रॅमच्या पोटात अडकलेल्या असू शकतात. प्रोग्रॅम काढला तर त्याही जातील.

नोव्हेंबर २०२३ मध्ये हा धडा जगभर मिळाला. गुगल ड्राइव्हच्या कॉम्प्युटरवरील प्रोग्रॅमच्या ८४ क्रमांकाच्या आवृत्तीत बिघाड होऊन काही लोकांच्या फायली दिसेनाशा झाल्या. कंपनीने पहिली सूचना दिली ती हीच, की प्रोग्रॅममधून खाते तोडू नका आणि त्याचे आतले फोल्डर पुसू किंवा हलवू नका. दुरुस्तीचे साधन पुढच्या महिन्यात आले. हात आवरून थांबले, त्यांना त्याचा उपयोग झाला.

महत्त्वाचे फोल्डर मशीनवर दिसत असेल, तर त्याची एक प्रत आधी पेन ड्राइव्हवर घ्या. मगच दुरुस्तीला लागा.

बिघाड अप लाईनवर की डाउन लाईनवर?

सिग्नल बिघडला की आपण सगळा यार्ड उकरत नाही, बिघाड कुठल्या भागात आहे ते आधी ठरवतो. इथेही तसेच करा. ब्राउझर उघडा, त्या सेवेच्या संकेतस्थळावर जाऊन लॉगिन करा आणि फाईल तिथे आहे का पहा. तिथे आहे पण कॉम्प्युटरवर नाही, तर बिघाड खाली येणाऱ्या वाटेवर आहे. कॉम्प्युटरवर आहे पण तिथे नाही, तर वर जाणारी वाट अडली आहे. दोन्हीकडे नसेल, तर कचरापेटी पहा.

लॉगिन करताना खाते कोणते आहे, तेही वाचा. एकाच कॉम्प्युटरवर वडिलांचे, मुलाचे आणि शाखेचे अशी तीन खाती असतात. 'फाईल गेली' म्हणून आलेल्या तक्रारींपैकी कित्येकांत फाईल जागेवरच असते, फक्त आपण दुसऱ्याच्या खात्यात शोधत असतो.

नेहमीची कारणे

पहिले कारण, जागा संपणे. गुगलच्या फुकट खात्यात १५ जीबी जागा मिळते, पण ती ड्राइव्ह, ई-मेल आणि फोटो या तिघांत मिळून. १ जून २०२१ पासून नवे फोटोही त्यात मोजले जातात. लग्नाचे व्हिडिओ चढले की पेन्शनच्या कागदाला जागा उरत नाही आणि मेल येणेही थांबते. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हमध्ये फुकट जागा ५ जीबीच आहे. नव्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केले, की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही फोल्डरे पुष्कळदा आपोआप वनड्राइव्हमध्ये घेतली जातात. ५ जीबी लगेच भरते आणि सिंक थांबते. मग कोणी ती सोय बंद करतो आणि डेस्कटॉप रिकामा पाहून हबकतो. अशा वेळी वनड्राइव्ह नावाच्या फोल्डरमधले 'डेस्कटॉप' उघडा. फायली बहुधा तिथेच असतात.

दुसरे कारण, पावती आहे पण पार्सल नाही. डिस्कवरची जागा वाचावी म्हणून हे प्रोग्रॅम फायलीचे फक्त नाव दाखवतात, मजकूर वरच राहतो. वनड्राइव्हमध्ये अशा फायलीपुढे ढगाचे चित्र असते आणि मशीनवर खरोखर असलेल्या फायलीपुढे हिरवी बरोबरची खूण असते. नेट बंद असताना ढगवाली फाईल उघडणार नाही. महत्त्वाच्या फोल्डरवर उजवे बटण दाबून ते कायम याच मशीनवर ठेवण्याचा पर्याय निवडा.

तिसरे कारण, नेट. आपल्यापैकी बरेच जण फोनच्या हॉटस्पॉटवर कॉम्प्युटर चालवतात. विंडोज अशा जोडणीला कित्येकदा 'मीटरवाली' समजते आणि वनड्राइव्ह तिच्यावर आपले काम आपणच थांबवते. लॅपटॉप बॅटरी बचतीवर असला तरी तसेच होते. खुणेवर टिचकी मारून काम पुन्हा चालू करता येते. पण रोजचा डेटा संपला तर उपाय नाही. पुष्कळ प्लॅनमध्ये त्यानंतर वेग ६४ केबीपीएसवर येतो. हिशेब करा : या वेगाने १ जीबी वर जायला सुमारे ३५ तास लागतील. तो बिघाड नव्हे, लूप लाईनवर उभी केलेली मालगाडी आहे.

चौथे कारण, घड्याळ. रेल्वे आणि टपाल या दोन्ही खात्यांचे काम वेळेवर चालते, हे आपल्याला सांगायला नको. कॉम्प्युटर आणि क्लाउड एकमेकांची ओळख पटवतात, तेव्हा ओळखपत्राची मुदत तारखेवरून तपासतात. जुन्या कॉम्प्युटरच्या आतली नाण्यासारखी बॅटरी संपली, की वीज गेल्यावर तारीख मागे जाते. मग लॉगिनच होत नाही आणि आपण पासवर्ड बदलत बसतो. आधी तारीख आणि वेळ पहा. बॅटरी थोडक्या पैशांत मिळते.

पाचवे कारण, फायलीचे नाव. आपल्या पत्रांच्या क्रमांकात तिरक्या रेघा असतात आणि आपण तोच क्रमांक फायलीला देतो. तिरकी रेघ, कोलन, प्रश्नचिन्ह, तारा आणि दुहेरी अवतरणचिन्ह विंडोजला फायलीच्या नावात चालत नाहीत. फोनवरून तसे नाव दिले, तर फाईल अडते किंवा नाव बदलून उतरते. फोल्डरात फोल्डर करून मार्ग लांबला, की विंडोजची २६० अक्षरांची जुनी मर्यादाही आडवी येते. नाव आखूड ठेवा आणि सुरुवातीला वर्ष, महिना, दिवस या क्रमाने आडवी रेघ देऊन तारीख घाला. उदाहरणार्थ, '२०२५-०३-१४ वेतननिश्चिती'. अंक सगळीकडे एकाच लिपीत ठेवले, की फायली आपोआप तारखेवार लागतात.

सहावे कारण, एका ब्लॉक सेक्शनमध्ये दोन गाड्या. सभासदांची यादी सचिव रायपूरला उघडतात, खजिनदार डोंगरगडला उघडतात, दोघेही दुरुस्ती करतात आणि त्यातल्या एकाचे नेट बंद असते. नंतर दोन याद्या तयार होतात. वनड्राइव्ह एका प्रतीच्या नावाला कॉम्प्युटरचे नाव जोडते, तर ड्रॉपबॉक्स वादग्रस्त प्रत असा शेरा मारते. अशी जोडफाईल दिसली तर लगेच पुसू नका. दोन्ही शेजारी उघडा, ओळीने ताडून पहा, एक करा आणि मगच जादा प्रत काढा. यापुढे नियम असा करा, की यादी उघडणाऱ्याने दुसऱ्याला फोन करून लाईन क्लिअर घ्यावी.

पुसलेली फाईल

पत्ता न लागलेले पत्र जसे रिटर्न लेटर ऑफिसात जाते, तशी पुसलेली फाईल आधी क्लाउडच्या कचरापेटीत जाते. गुगल ड्राइव्हमध्ये आणि घरगुती वनड्राइव्हमध्ये ती ३० दिवस राहते, मग कायमची जाते. आमच्या शाखेला हे ३० दिवस माहीत नव्हते. महिन्यातून एकदा, पगाराच्या दिवशी म्हणा, कचरापेटी उघडून पाहण्याची सवय लावा. गुगलचे खाते दोन वर्षे वापरलेच नाही, तर कंपनी ते आतल्या सामग्रीसकट काढून टाकू शकते, हेही लक्षात ठेवा. निवृत्त साथींच्या बाबतीत हा धोका खरा आहे.

किल्ली कोणाकडे?

शाखेचे खाते बहुधा एका पदाधिकाऱ्याच्या खाजगी मोबाईल नंबरवर उघडलेले असते. त्यांची बदली होते किंवा ते निवृत्त होतात, नंबर बदलतो आणि ओटीपी जुन्याच नंबरवर जातो. कार्यालयाच्या किल्ल्या आपण पदभारासोबत सोपवतो, मग या किल्लीची नोंद पदभाराच्या यादीत का नसावी? खात्याला दुसरा नंबर आणि दुसरा ई-मेल जोडा. सुटकेसाठी मिळणारे संकेतांक कागदावर लिहून कपाटात बंद ठेवा.

एक सावधगिरीची सूचना. खात्याचे अंतर्गत किंवा गोपनीय कागद खाजगी क्लाउडवर ठेवू नका. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी जून २०२२ मध्ये निघालेल्या सायबर सुरक्षेच्या मार्गदर्शक सूचनांत याला स्पष्ट मनाई आहे. आपले स्वतःचे आदेश, पगारपत्रके आणि नामांकने जपा. कार्यालयाची फाईल घरी सिंक करून शिस्तभंगाच्या कारवाईला निमित्त देऊ नका.

आपली प्रत आपल्या हातात

शेवटचा आणि मुख्य मुद्दा. सामान्य वित्तीय नियम २०१७ मध्ये नियम २८८ आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याचे सेवापुस्तक दोन प्रतींत ठेवावे, एक प्रत कार्यालयात राहावी आणि दुसरी कर्मचाऱ्याच्या ताब्यात असावी, असे तो सांगतो. दर वर्षी जानेवारीत कर्मचाऱ्याने आपली प्रत कार्यालयात द्यायची आणि कार्यालयाने नोंदी भरून ती परत करायची. टपाल खात्यातल्या साथींनी हा नियम वाचून ठेवावा. क्लाउडचा जन्म होण्याच्या कितीतरी आधीपासून कागदावर हाच ताळमेळ चालत आला आहे. फरक एवढाच, की त्यात एक प्रत फाटली म्हणून दुसरी आपोआप फाटत नाही.

आता सेवेच्या नोंदी संगणकावर जात आहेत, रेल्वेत एचआरएमएसवर बरेच काही दिसते. ते चांगलेच आहे. पण पडद्यावर दिसणारी नोंद ही आपल्या ताब्यातली प्रत नव्हे. म्हणून तीन कामे सांगतो. नियुक्तीपत्र, वेतननिश्चितीचे आदेश, नामांकन आणि कुटुंबाचे कागद यांची एक प्रत पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती कॉम्प्युटरला कायम जोडून ठेवू नका. दुसरे, मूळ कागद प्लास्टिकच्या फाईलमध्ये घरी ठेवा आणि जागा घरातल्या माणसाला दाखवा. प्रसंग आला, तर तो कागद शोधणार ती आपली पत्नी, आपला नवरा किंवा मूल. तिसरे, दर जानेवारीत क्लाउड, डिस्क आणि कागद या तिघांचा मेळ घ्या.

आमच्या शाखेत आता हे तिन्ही चालू आहे. डिस्क शाखेच्या कपाटात असते आणि किल्ली दोघांकडे असते. पुढच्या वर्गाला येताना प्रत्येकाने आपला पेन ड्राइव्ह आणावा. ज्याची फाईल उघडत नाही, त्याने कॉम्प्युटरही आणावा, आपण सगळे मिळून पाहू. एवढे बोलून आम्ही थांबतो.