ओटा आपला, पाणी खालच्यांचं
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सोसायटीचा इतिहास आधीच्या वक्त्यांनी सांगून झाला आहे. माझ्या वाट्याला आलं स्वयंपाकघरातलं सिंक. हसू नका. या इमारतीत जेवढे फ्लॅट, तेवढी सिंक. आणि बिल्डरने ती सगळी एकाच वेळी बसवली. म्हणजे त्यांचंही हे पंचविसावं वर्ष! येत्या चार-पाच वर्षांत आपल्यातले निम्मे लोक तरी ओटा कापून नवीन सिंक बसवणार. आमच्याकडे ते काम गेल्या वर्षी झालं. बँकेतल्या नोकरीने मला प्रत्येक गोष्ट वहीत लिहून ठेवायची सवय लावली, त्या वहीतून आज बोलतो.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो. नावं सांगणार नाही, विचारूही नका. मी चिटणीस होतो तेव्हाची. वरच्या मजल्यावर नवीन सिंक बसलं. काम करणारा प्लंबर ‘होऊन जाईल काका’ म्हणाला आणि पैसे घेऊन गेला. चार महिन्यांनी खालच्या स्वयंपाकघराच्या छताला ओल आली. वरचे म्हणाले, आमच्याकडे सगळं कोरडं आहे, पावसाचं पाणी असेल. खालचे म्हणाले, एप्रिल महिन्यात कसला पाऊस? पत्रं आली, सभेत आवाज चढले. पूर्वी या दोन घरांत पुरणपोळीची ताटं जात-येत होती, ती थांबली. पुढे खालचं कुटुंब फ्लॅट विकून निघून गेलं. नव्या मालकाने दोन्ही मजल्यांवर शोध घेतला, तेव्हा कळलं की सिंकच्या जाळीखालचा रबरी वॉशर तिरका बसला होता. थेंब थेंब पाणी पाईपच्या बाहेरून उतरत भिंतीला लागून स्लॅबमध्ये जात होतं, त्यामुळे वर जमिनीवर काही दिसतच नव्हतं. वॉशर दहा-वीस रुपयांचा, आणि त्यापायी पंधरा वर्षांचा शेजार गेला.

म्हणून मी म्हणतो, ओटा आपला असला तरी त्यावरून वाहणारं पाणी खालच्यांचं असतं. ही जाणीव ठेवली की पुढचं सगळं काम नीट होतं.

आता कामाकडे वळू. पहिला नियम: आधी सिंक घरी आणा, मग ओट्यावर खूण करा. दुकानात ‘२४ बाय १८’ म्हणतात ते बहुधा काठासकटचं बाहेरचं माप असतं. भोक त्याहून लहान पाडायचं असतं, कारण काठ ग्रॅनाइटवर टेकायला हवा. अनेक कंपन्या खोक्यातच कापायच्या मापाचा कागद देतात. कारागीर तो खोक्याबरोबर टाकून देतो. तुम्ही तो आधी काढून घ्या.

दुसरं, टेप घेऊन ओट्याखाली वाका. आपले ओटे साधारण २४ इंच रुंद आहेत आणि खाली कडप्प्याच्या उभ्या फरशा आहेत. दोन फरशांमधलं अंतर २२ इंच असेल तर २४ इंची सिंक तिथे कसं जाणार? फरशी हलवावी लागेल, आणि ती हलवली तर वरच्या ग्रॅनाइटला दुसरा आधार द्यावा लागेल. भोकाच्या पुढे आणि मागे दगडाची दोन-अडीच इंचांची तरी पट्टी राहिली पाहिजे. पुढच्या पट्टीवर आपण पोट टेकून भांडी घासतो, कुकर आपटतो. ती नाजूक राहिली तर तडा तिथेच जाणार.

तिसरं खोलीचं. हल्ली १० इंच खोल सिंकची फॅशन आहे. मलाही तेच आवडलं होतं. पण सौ. म्हणाली, ‘भांडी तुम्ही घासणार आहात का?’ मग आमच्या कामवाल्या मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘काका, तळाला हात पोचवायला वाकावं लागतं. चार घरची भांडी असतात मला.’ आम्ही ८ इंची घेतलं. सिंक निवडताना जो पैसे देतो त्याच्याआधी जो त्यात हात घालतो त्याला विचारा, एवढंच सांगतो.

खोलीचा संबंध पाईपशीही आहे. ओटा ३३ इंच उंच धरा. १० इंची सिंकचा तळ २३ इंचांवर आला. त्याखाली जाळीचं कपलिंग, त्याखाली ट्रॅप, आणि तिथून पाईपला उतार हवा. भिंतीतलं निकासाचं तोंड त्याच्याहून वर राहिलं तर पाणी चढावर कसं जाईल? सिंक विकत घेण्याआधी हे तोंड जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा. नंतर मोजलं तर भिंत फोडावी लागते.

आता प्रत्यक्ष कापणं. चौकोनाच्या चारही कोपऱ्यांत आधी ड्रिलने गोल भोकं पाडायची आणि मग त्या भोकांपर्यंत सरळ कापत जायचं. कोपरा काटकोनात टोकदार राहिला की सगळा ताण तिथे एकवटतो आणि आज ना उद्या तिथून तडा निघतो. गोल कोपऱ्यात ताण विभागला जातो. कापणं संपत आलं की मधला तुकडा एकदम खाली कोसळतो आणि जाताना काठ फोडतो, म्हणून खालून लाकडी टेकू द्यायचा. आणि कापताना ब्लेडवर पाण्याची धार हवी. त्याने ब्लेड थंड राहतं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे धूळ बसते.

या धुळीबद्दल दोन मिनिटं गंभीरपणे बोलतो. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ म्हणजे सिलिका भरपूर असते. कोरडं कापलं की तिचा जो बारीक भाग उडतो तो डोळ्यांना दिसतही नाही, आणि तो फुप्फुसात खोलवर जाऊन बसतो. त्यातून सिलिकोसिस होतो. तो बरा करणारं औषध नाही. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टात या आजाराचं नाव होतं. हल्ली ‘क्वार्ट्झ’ म्हणून जे कृत्रिम दगडाचे ओटे विकतात, त्यांत तर सिलिकाचं प्रमाण ९० टक्क्यांच्या पुढेही असतं. त्या दगडाने कारागीर आजारी पडू लागले, म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्याच्या वापरावर बंदी घातली. आपण एकदा ओटा कापतो, तो मुलगा रोज कापतो. आमच्याकडे आलेला पोरगा पंचविशीचा होता, तोंडाला नुसता रुमाल. मी एन-९५ मास्क पुढे केला तर म्हणाला, ‘सवय आहे काका.’ म्हटलं, ‘फुप्फुसांना सवय होत नसते बाळा. मास्क लावलास तरच मशीन लाव.’ लावला त्याने. पाणी आणि वीज एकत्र येतात, म्हणून घरातला गळती-करंट तोडणारा स्विच चालू आहे ना, हेही त्याचं टेस्ट बटण दाबून आधी बघा. जमत असेल तर दगड काढून खाली मोकळ्या जागेत कापणं सगळ्यांत उत्तम.

बसवताना आधी सिंक नुसतं ठेवून बघा. मग काठ आणि दगड पुसून पूर्ण कोरडे करा, कारण धुळीवर किंवा ओलीवर सिलिकॉन धरत नाही. नुसत्या व्हाइट सिमेंटवर भागवू नका, ते पुढे तडकतं. सिंक दगडाच्या खालून लावणार असाल तर नुसत्या सिलिकॉनवर लटकवू नका, खाली पक्का आधार द्या. २४ बाय १८ चं ८ इंची सिंक काठोकाठ भरलं तर चाळीसेक लिटर पाणी मावतं. म्हणजे तेवढे किलो वजन झालं! सिलिकॉन लावल्यावर २४ तास नळ बंद. त्या दिवशी बाहेरून जेवण मागवा, त्याने कुणाचं काही बिघडत नाही.

पाईप थेट ड्रेनेजला जात असेल तर बॉटल ट्रॅप हवाच. त्यात साठून राहिलेलं पाणी ड्रेनेजचा वास आणि झुरळं अडवतं. पाईप नहाणी ट्रॅपमध्ये सोडला असेल तर तिथलं पाणी तेच काम करतं. फक्त पाईप भिंतीत किंवा जमिनीत शिरतो तिथली फट बुजवायला विसरू नका.

आणि आता तपासणी. बँकेत एकाने केलेली नोंद दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जात नाही. इथेही तसंच. नुसता नळ सोडून बघणं म्हणजे तपासणी नव्हे. जाळी बंद करून सिंक भरा आणि अर्धा तास तसंच ठेवा. मग एकदम सोडून द्या, म्हणजे पाईपवर पुरता भार येईल. खाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरा आणि प्रत्येक जोडाला टिश्यू पेपर लावून बघा. थेंब दिसण्याआधी कागद ओल सांगतो. रात्रभर कागद तसाच ठेवा, आणि आठ दिवसांनी पुन्हा एकदा बघा. प्लंबरचे थोडे पैसे त्या आठ दिवसांपर्यंत राखून ठेवा; हे त्याला सुरुवातीलाच सांगितलेलं असावं.

शेवटची तपासणी खालच्या मजल्यावर. काम सुरू करण्याआधी खालच्यांकडे जा, त्यांच्या छताचा मोबाईलवर फोटो काढा, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा जाऊन बघा. वहिनी चहा देतातच! आमच्या खालच्या वहिनींनी तर स्टूल आणून दिलं आणि स्वतः टॉर्च धरला. उद्या खरंच ओल आली, तर भांडण कुठून सुरू झालं हे शोधण्यापेक्षा ओल कुठून सुरू झाली हे शोधणं सोपं जातं.

नियमाचं म्हणाल तर आदर्श उपविधींत संडास, सिंक वगैरेंच्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकावर टाकलेला आहे. सिंकचा तिथे नावाने उल्लेख आहे, यावरूनच हा प्रश्न किती घरांत आहे ते समजा. सोसायटीला आधी लेखी कळवा. दुपारी एक ते चार मशीन बंद ठेवा, बोर्डाच्या परीक्षांच्या दिवसांत काम काढूच नका, आणि दगडाचे तुकडे जिन्यात ठेवू नका.

कार्यकारिणीला एक सूचना करतो. या वर्षी प्रत्येक मजल्यावर वरच्या-खालच्या दोन घरांनी मिळून एकमेकांच्या सिंकखाली टॉर्च मारून बघावं. अर्ध्या तासाचं काम आहे. ज्यांना माप घ्यायला किंवा कागद पसरायला सोबत हवी असेल त्यांनी मला हाक मारावी. टेप माझी, टॉर्च माझा, वहीसुद्धा माझी. चहा मात्र तुमचा.