टंकलेखन यंत्राचे ऋण
(व्याख्यानाचा गोषवारा)



विक्रोळी म्हटले की खाडीकाठची खारफुटी आणि गोदरेजचे कारखाने डोळ्यांसमोर येतात. भारतीय टंकलेखन यंत्राचा इतिहास याच परिसराशी जोडलेला आहे, याचे स्मरण मात्र क्वचितच होते.

स्वातंत्र्यानंतरच्या आरंभीच्या काळात आपल्या कचेऱ्यांत परदेशी कंपन्यांच्या यंत्रांचेच राज्य होते. १९५५ साली गोदरेज आणि बॉइस कंपनीने भारतीय बनावटीचे पहिले यंत्र सिद्ध केले. नवल पिरोजशा गोदरेज यांनी त्याचा ध्यास घेतला होता. त्याच वर्षी मद्रासजवळील आवडी येथील काँग्रेस अधिवेशनात ते मांडले गेले, तेव्हा पंडित नेहरूंना त्यात स्वतंत्र, उद्योगशील भारताचे प्रतीक दिसले. हे कौतुक अनाठायी नव्हते. शेकडो बारीक भागांपैकी एखादा केसभर जरी हलला, तरी अक्षर ओळ सोडून वर-खाली उमटते.

परंतु या यंत्राचे खरे कार्य घडले ते उपनगरांतील टंकलेखन वर्गांत. मॅट्रिक झालेली मुले-मुली सकाळी तासाची तुकडी गाठत, 'ए एस डी एफ' गिरवत आणि मिनिटाला ३० व ४० शब्दांच्या शासकीय परीक्षेला बसत. त्या एका प्रमाणपत्राने कित्येक घरांत पहिला मासिक पगार आला; कित्येक मुलींना कचेरीचे दार उघडले. मराठी टंकलेखन तर अधिकच कसोटीचे. अर्धे अक्षर उमटवून पुढे काना द्यावा, तेव्हा ते पूर्ण होई.

या यंत्रावरील चूक सहजी पुसली जात नसे. खोडरबर फिरवावा तर कागद विरे, आणि कार्बनखालच्या प्रत्येक प्रतीवर तीच चूक उतरलेली असे. म्हणून बोट उचलण्याआधी वाक्य मनात पक्के करावे लागे. ओळ संपत आल्याची सूचना देणारी घंटा वाजली की शब्द मावेल की नाही, हे क्षणात ठरवावे लागे. विचार आधी, अक्षर नंतर, हा संस्कार यंत्राने नकळत दिला.

पुढे संगणक आला. सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथे चाललेले गोदरेजचे टंकलेखन यंत्रांचे उत्पादन २००९ साली थांबले. त्याविषयी शोक करण्याचे कारण नाही. संगणकाने पुष्कळ श्रम वाचविले आहेत.

चिंता आहे ती वेगळीच. पन्नास वर्षांपूर्वीचे ठराव, देणगीपत्रे आणि पत्रव्यवहार अनेक संस्थांच्या कपाटांत पातळ कार्बन प्रतींच्या रूपाने पडून आहेत. त्यांची शाई फिकी होत आहे, घड्या तुटत आहेत. विक्रोळीतील गोदरेज अभिलेखागार एका उद्योगाची कागदपत्रे जपते. प्रत्येक संस्थेने आपले एक कपाट तरी जपावे. त्या फिकट ओळींमागे कुणा अनामिक टंकलेखकाची सायंकाळ खर्ची पडली आहे. त्यांचे ऋण फेडण्याचा याहून सोपा मार्ग नाही.