पांढऱ्या गाडीवरचे तांबूस ठिपके

पांढरी गाडी धुऊन पुसून घेतली, तरी दारांच्या खालच्या भागावर तांबूस ठिपके दिसतातच. पाहणाऱ्याला वाटतं, पत्रा गंजला. बहुतेक वेळा तसं नसतं. ब्रेक दाबला की डिस्क आणि पॅड घासले जातात, लोखंडाचे तापलेले बारीक कण उडतात आणि रंगात रुतून बसतात. रेल्वे रुळांलगत किंवा वेल्डिंगच्या दुकानाशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टपावरही ते सापडतात. दमट हवेत हेच कण गंजतात.

असे कण आहेत का हे पाहायला हात पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून धुतलेल्या, ओल्या पत्र्यावरून अलगद फिरवा. खरखर बोटांना लगेच कळते.

घासणी मात्र मुळीच लावू नका, चरे कायमचे राहतात. हे कण काढण्यासाठी ‘आयर्न रिमूव्हर’ नावाचा फवारा मिळतो. त्यात बहुधा अमोनियम किंवा सोडियम थायोग्लायकोलेट असतं. लोखंडाशी गाठ पडताच ते जांभळं होतं आणि एकेका ठिपक्यातून जांभळा ओघळ खाली उतरतो. वास उग्र असतो, म्हणून मोकळ्या हवेत, हातमोजे घालूनच काम करा. गाडी सावलीत हवी, पत्रा थंड हवा. बाटलीवर लिहिलेल्या वेळेपुरतंच ते राहू द्या, वाळण्याआधी भरपूर पाण्याने धुऊन काढा. उरलेली खरखर क्ले बार नावाच्या मऊ वडीने, पत्रा निसरडा ठेवून, हलक्या हाताने काढावी आणि मग वॅक्स लावावं.

रंग खालून फुगून फोड आला असेल, तर तो गंज पत्र्याचाच. तिथे फवारा चालत नाही. गाडी गॅरेजमध्ये दाखवा.